‘मले काय सांगता, घराले सांगा’ : कुष्ठसेवेचा इतिहास आणि जबाबदारीचा प्रश्न

आरोग्याच्या इतिहासावरच्या या मालिकेत आतापर्यंत आपण बहुतेक साथींबद्दल बोललो. साथ येते, माणसं मरतात किंवा वाचतात, आणि साथ निघून जाते. आज ज्या आजाराबद्दल बोलायचं आहे तो असा येऊन जाणारा नाही. तो माणसाला सहसा मारत नाही. माणूस जगतो, तीस-चाळीस-पन्नास वर्षं जगतो, आणि तेवढी वर्षं त्याला कोणीतरी लागतं. म्हणून आजचं व्याख्यान औषधाबद्दल कमी आणि सांभाळण्याबद्दल जास्त आहे.

सुरुवात एका आठवणीने करतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी विदर्भातल्या एका कुष्ठधामात वयस्कर रहिवाशांच्या मुलाखती घ्यायला जात असे. तिथे एक आजी होत्या. लहानपणी त्यांच्या भावाने रात्रीच्या वेळी बैलगाडीतून आणून सोडलेल्या. पुढे नवी औषधं आली, त्यांचा कोर्स पूर्ण झाला, तपासणीत जंतू नाहीत असं निघालं. मी त्यांना विचारलं, आजी, मग तुम्ही घरी का नाही गेलात? त्या म्हणाल्या, “डाक्टर म्हने, तू बरी झाली, आता घरी जाय. म्या म्हनलं, मले काय सांगता, घराले सांगा.”

मी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. तरुण होतो, यादीतले प्रश्न संपवायचे होते. त्या एका वाक्यात काय काय आहे हे कळायला मला बराच काळ लागला. डॉक्टरांच्या लेखी आजार तिच्या शरीरात होता आणि तो संपला होता. तिच्या लेखी आजाराचा अर्धा भाग घरात होता, आणि त्याच्यावर कोणी औषध दिलेलं नव्हतं. मग या बाईला सांभाळायचं कोणी? घराने? गावाने? सरकारने? की कोणा महात्म्याने? गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आपल्याकडे दिली गेली. ती कोणी, कशी दिली, हे आज बघू.

आधी एक शब्दांबद्दल. जुन्या कागदांत ‘महारोगी’, ‘रक्तपिती’ असे शब्द येतात, इंग्रजी कायद्यात तर ‘लेपर’ हाच शब्द आहे. आज आपण कुष्ठरुग्ण किंवा कुष्ठपीडित म्हणतो. मी जुन्या कागदाबद्दल बोलताना कधी जुना शब्द वापरीन, तो त्या काळाचा म्हणून.

तर मुंबई. एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या काळात मुंबईत रोजगारासाठी माणसं येत होती तशी भिक्षेसाठीही येत होती. गावाने बाहेर काढलेला कुष्ठरुग्ण शहराकडे यायचा, कारण शहरात दान करणारे होते, देवळं होती, मशिदी होत्या, आणि मुख्य म्हणजे ओळखणारं कोणी नव्हतं. जमशेटजी जीजीभॉय धर्मशाळेत असे रुग्ण आसऱ्याला असत. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी कडू कवठाच्या बियांचं तेल वापरून यावर उपचार केले, त्याचा त्या काळी बोलबाला झाला. त्या तेलाच्या कुळातलंच चालमोगरा तेल पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात होतं. भाऊ दाजी १८७४ मध्ये गेले.

याच काळात ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये हेन्री व्हँडाइक कार्टर नावाचे डॉक्टर होते. वैद्यकीचे विद्यार्थी ऐकत असतील तर त्यांना सांगतो, ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तली मूळ चित्रं काढणारे ते हेच कार्टर. कुष्ठरोग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १८७३ मध्ये ते नॉर्वेला गेले. त्याच वर्षी तिथे हान्सेनने या रोगाचा जंतू पाहिला होता. नॉर्वेत रुग्णांसाठी आश्रम होते आणि रोग कमी होत चालला होता. कार्टर परत आले ते हा विचार घेऊन, की हिंदुस्थानातही रुग्णांना वेगळं ठेवलं पाहिजे, आणि त्यासाठी सरकारने आश्रम बांधले पाहिजेत. सरकार बरीच वर्षं ऐकून घेत राहिलं. बांधायला पैसे लागतात ना!

मग १८८९ मध्ये हवाई बेटांवर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने वारले. इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. वर्तमानपत्रांतून भीती पसरली की हा रोग आता साम्राज्यभर पसरणार. निधी उभा राहिला, आयोग नेमला गेला, तो १८९०-९१ मध्ये हिंदुस्थानभर फिरला. आयोगाचं म्हणणं काय आलं? तर संसर्गाने हा रोग पसरण्याचं प्रमाण फार थोडं आहे, सक्तीने सगळ्यांना वेगळं ठेवण्याचं कारण नाही. लंडनमधल्या समितीला हा निष्कर्ष पटला नाही, तो भाग वेगळा. पण त्याच आयोगाने हेही सुचवलं की रस्त्यावर भटकणाऱ्या रुग्णांना आवरावं आणि काही धंदे रुग्णांना करू देऊ नयेत. इथे थोडं थांबा. संसर्ग फारसा नाही असं म्हणायचं आणि भटकणाऱ्याला मात्र उचलायचं, याचा अर्थ काय होतो? अर्थ असा, की आता प्रश्न रोगाचा राहिलाच नाही. तो रस्त्यावर काय दिसतं याचा झाला.

मुंबईत आयोगाच्या अहवालाची वाट कोणी बघितली नाही. महापालिकेचे आयुक्त होते हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ. १८८८ च्या महापालिका कायद्यात घातक रोगाने आजारी असलेल्या आणि राहायला योग्य जागा नसलेल्या माणसाला हलवण्याची तरतूद होती. ‘योग्य जागा नसलेल्या’ हे शब्द लक्षात ठेवा. अ‍ॅक्वर्थनी ही तरतूद कुष्ठरुग्णांना लावली आणि १८९० मध्ये माटुंग्याला ‘होमलेस लेपर असायलम’ उघडलं. नावातच ‘होमलेस’. बंगल्यात राहणाऱ्या कुष्ठरुग्णाशी या असायलमला काही देणंघेणं नव्हतं. आज तेच वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय, आणि तिथे या इतिहासाचं छोटं संग्रहालयही आहे. मुंबईत असाल तर जरूर जा.

या अ‍ॅक्वर्थसाहेबांची आपल्याला दुसरीही ओळख आहे. मराठी पोवाड्यांचा पहिला मोठा छापील संग्रह, शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साथीने १८९१ मध्ये काढलेला ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’, त्याचे हे संपादक. पुढे त्यांनी पोवाड्यांचं इंग्रजी पद्यात भाषांतरही केलं. म्हणजे रस्त्यावर डफ वाजवून गाणाऱ्याचं ऐकायला ज्याला वेळ होता, त्याच माणसाने रस्त्यावर हात पसरणाऱ्याला उचलून नेलं. मी त्यांना खलनायक ठरवत नाही. त्यांनी खटपट करून वर्गण्या जमवल्या, सरकार आणि पालिकेकडून पैसे मिळवले, छप्पर दिलं, अन्न दिलं. उपाशी मरणाऱ्या माणसाला हे थोडं नसतं. फक्त हे बघा, की एकाच इमारतीत निवारा आणि कैद दोन्ही एकदम राहायला आले, आणि पुढची पन्नास-साठ वर्षं ते वेगळे झालेच नाहीत.

त्या असायलमचं अर्थकारणही मजेशीर आहे. मजेशीर म्हणजे, विचार करायला लावणारं. तिथे सांडपाण्यावर शेती होती. १८९७ मध्ये तिथल्या मैल्याच्या टाक्यांतून निघणारा वायू गोळा करून तो यंत्र चालवायला आणि दिव्यासाठी वापरण्याचा प्रयोग झाला. आज गोबर गॅसच्या इतिहासाची कुठलीही पुस्तिका उघडा, हिंदुस्थानातला पहिला प्रयोग म्हणून माटुंग्याचं नाव येतं. पुस्तिकेत ‘माटुंगा’ असतं, ‘लेपर असायलम’ही असतं. त्यात राहत होतं कोण, ते नसतं. ज्यांच्या हातचं पाणी कोणी प्यायला तयार नव्हतं त्यांच्या मैल्यावर दिवा लागला, आणि इतिहासात नाव राहिलं ते टाकीचं!

आता कायदा. १८९८ चा लेपर्स अ‍ॅक्ट. छोटासा कायदा आहे, दहा-पंधरा मिनिटांत वाचून होतो, आणि माझा आग्रह आहे की इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो एकदा वाचावा. यात ‘लेपर’ची व्याख्या आहे आणि तिच्याखाली ‘पॉपर लेपर’ची, म्हणजे कंगाल कुष्ठरुग्णाची. कंगाल कोण? जो उघड्यावर भीक मागतो, किंवा दया यावी म्हणून जखमा दाखवतो, किंवा ज्याच्याकडे पोट भरण्याचं दिसण्यासारखं साधन नाही आणि तो मोकळा फिरतो. असा माणूस दिसला तर पोलिसाने वॉरंटशिवाय पकडावं, डॉक्टरने तपासावं, मॅजिस्ट्रेटने असायलमला पाठवावं. किती दिवसांसाठी? मुदत नाही. चोराला मुदत असते. याला नाही.

दुसऱ्या भागात धंदे. सरकारने जाहीर केलेल्या भागात कुष्ठरुग्णाने खाण्यापिण्याचे पदार्थ, औषधं, कपडे विकायचे नाहीत. सार्वजनिक विहिरीवर, तळ्यावर आंघोळ करायची नाही, कपडे धुवायचे नाहीत, पाणी भरायचं नाही. भाड्याच्या गाडीत बसायचं नाही, ती हाकायची नाही. विहीर आणि पाणी हे शब्द ऐकल्यावर आपल्याकडे कोणाला काय आठवेल हे मी वेगळं सांगायला नको. अस्पृश्यतेची जी घडण गावात शेकडो वर्षं होती तिला इथे सरकारी शिक्क्याचा एक नवा फाटा फुटला, आणि तो जात न बघता लागू होत होता. ज्या सवर्ण माणसाला हा रोग झाला त्याला तळ्यावरून हाकलून देणं म्हणजे काय हे आयुष्यात पहिल्यांदा कळलं असेल.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते तिसरंच. या कायद्यात एक पळवाट आहे. एखाद्या नातेवाइकाने किंवा मित्राने लेखी हमी दिली, की या माणसाची नीट काळजी घेतली जाईल आणि त्याला भीक मागू दिली जाणार नाही, तर मॅजिस्ट्रेट त्याला असायलमऐवजी त्या नातेवाइकाच्या स्वाधीन करू शकतो. हवं तर जामीनही घेऊ शकतो. म्हणजे ‘नीट काळजी’ हे शब्द कायद्यात आहेत बरं का! पण नीट काळजी म्हणजे काय, याचं स्पष्टीकरण नाही. भीक मागताना दिसला नाही म्हणजे काळजी झाली. मागच्या खोलीत कोंडला तरी झाली. आणि घरच्यांना त्यासाठी सरकारने एक पैसा द्यावा, असं कुठे नाही. जो खर्च करू शकेल त्याने घरात ठेवावा, ज्याला जमणार नाही त्याचा माणूस असायलममध्ये. श्रीमंत रुग्ण आणि गरीब रुग्ण यांच्या अंगात जंतू एकच. फरक एवढाच की एकाला भिंत स्वतःची होती.

आता मुंबईतून विदर्भात येऊ, कारण पुढची गोष्ट तिथे घडते. मधल्या काळात देशभर बहुतेक काम मिशनऱ्यांनी केलं. ते काम मोठं आहे, त्यावर स्वतंत्र बोलायला हवं. त्यांच्या अनेक आश्रमांत स्त्री-पुरुषांना वेगळं ठेवत, मुलं झाली तर ती निरोगी मुलांच्या वसतिगृहात जात, एवढंच इथे नोंदवतो.

१९३६ मध्ये विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवेचं काम सुरू केलं. स्वतः सूत कातणारा, खादीतला कार्यकर्ता जखमा धुवायला बसला. आश्रमी माणसं हरिजनसेवा करत होती, ग्रामसफाई करत होती, पण हा रोग म्हटलं की तीही मागे सरत. १९३९ मध्ये परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या ओळखीचे, आणि अंगावर कुष्ठ. आश्रमात चलबिचल झाली. गांधीजींनी आश्रमीयांना विचारलं, आणि मग आपल्या कुटीजवळच त्यांना झोपडी बांधून दिली. ते स्वतः रोज त्यांना मालिश करत. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. पुढे विधायक कार्यक्रमाच्या यादीत गांधीजींनी कुष्ठसेवा घातली.

त्या फोटोबद्दल मला थोडं बोलायचं आहे. तो सुंदर आहे, त्याने देशात हजारो माणसांची भीती कमी केली, हे खरं. पण त्यातून एक समजही रुजला, की हे काम महात्म्याचं. ज्याच्या अंगी संतपण आहे त्यानेच करावं. बाकीच्यांनी नमस्कार करावा आणि वर्गणी द्यावी. महाराष्ट्रात याचा परिणाम दिसतो. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी चाळीसच्या दशकात तपोवन उभं केलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं, आणि आपण मराठी माणसांनी या माणसांवर मनापासून प्रेम केलं. आपल्या घरातल्या कुष्ठरुग्णावर केलं का, हा प्रश्न त्यामुळे जरा बाजूला पडला.

आनंदवनाची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना बाबांनी मैल्याची पाटी डोक्यावर घेतली, त्याच काळात पावसात पडलेला, जखमांत किडे झालेला तुळशीराम त्यांना दिसला आणि ते घाबरून पळाले. परत आले ते त्या भीतीचा शोध घ्यायला. कलकत्त्याला जाऊन शिकले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती, आणि १९५१ मध्ये माळरानावर आनंदवन, सहा रुग्ण बरोबर घेऊन. साधनाताई आणि दोन लहान मुलं.

बाबांचं उत्तर अ‍ॅक्वर्थच्या बरोबर उलटं होतं. दया नको, काम द्या. ज्याला बोटं नाहीत तोही विहीर खणू शकतो, शेत पिकवू शकतो, भिंत बांधू शकतो. आणि त्यांनी ते करून दाखवलं. शेती पिकली, भाजी जास्त झाली, ती वरोऱ्याच्या बाजारात नेली, तर कोणी घेईना! आता आठवा तो १८९८ चा कायदा, खाण्याचे पदार्थ विकू नका म्हणणारा. वरोऱ्याच्या बाजारात कुठला शिपाई कायद्याचं पुस्तक घेऊन उभा नव्हता. गरजच नव्हती, कायदा लोकांच्या हाडात होता. पुढे परदेशी स्वयंसेवकांची एक तुकडी आनंदवनात येऊन राहिली, बांधकाम केलं, तिथलंच जेवली. त्यानंतर गावाची भीड चेपली. गोऱ्या पाहुण्याने खाल्लेलं चालतं, हेही आपलंच.

आनंदवनाबद्दल मला आदर आहे आणि एक शंकाही आहे. माणसाची किंमत त्याच्या कामात आहे, हे वाक्य भिकारी म्हणून हिणवलेल्या माणसाला उभं करतं. पण तोच माणूस पंच्याऐंशीचा होतो. पायाची जखम भरत नाही, डोळे गेलेले असतात. या रोगात पापण्या मिटत नाहीत आणि डोळे हळूहळू निकामी होतात. आता तो काही पिकवत नाही. मग त्याची किंमत कशात? आनंदवनाने अशा माणसांना टाकलं नाही, जेवू घातलं, न्हाऊ घातलं. म्हणजे व्यवहारात ते घोषणेच्या पुढे गेले. घोषणेत मात्र त्या म्हाताऱ्यासाठी शब्द नव्हता, आणि आपल्यालाही तो अजून सापडलेला नाही. पेन्शनची रांग बघा. ‘काय काम करत होता?’ हा पहिला प्रश्न असतो.

आणि न्हाऊ घालत कोण होतं? हा प्रश्न कुष्ठधामांच्या अहवालांत फार क्वचित येतो. देणगीदारांची यादी असते, डॉक्टरांची नावं असतात. पण रोजची कामं, जखम धुणं, पट्टी बदलणं, अंथरूण काढणं, ज्याला हातात घास धरता येत नाही त्याला भरवणं, ही बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या रुग्णांनीच केली. थोडे कमी अपंग असलेल्यांनी जास्त अपंग असलेल्यांची. सुरुवातीला ज्या आजींबद्दल सांगितलं, त्या तीस वर्षं बायकांच्या विभागात हेच करत होत्या. मी विचारलं, पगार? त्या हसल्या. महिन्याला काही रुपये मिळत, त्याला ‘बक्षीस’ म्हणत. तीस वर्षं परिचारिकेचं काम, आणि संस्थेच्या वहीत त्यांची नोंद शेवटपर्यंत ‘रुग्ण’ अशीच. ना प्रॉव्हिडंट फंड, ना पेन्शन. मी त्या संस्थेचं नाव घेत नाही, कारण हे एका संस्थेचं नाही.

आता एक उत्तर, जे कमी प्रसिद्ध आहे. १९५१ मध्ये गांधी स्मारक निधीतून वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन निघालं. तिथले डॉ. रा. वि. वर्देकर. चाळीसच्या दशकात डॅप्सोन हे औषध आलं होतं, गोळी स्वस्त होती. वर्देकरांचा हिशोब साधा होता. देशातले सगळे रुग्ण मावतील एवढे आश्रम कधीच बांधता येणार नाहीत, आणि बांधूही नयेत. मग रुग्ण घरीच राहू दे, औषध घरी जाऊ दे. प्रशिक्षित कार्यकर्ता सायकलवर गावात जायचा, घरोघर लोकांची अंगं तपासायचा, शाळेत, चावडीवर समजावून सांगायचा, आणि गावातच औषध द्यायचा. पाहणी, शिक्षण, उपचार. पुढे सरकारी कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. या कामाचा फोटो नाही. माळरानावर उभं राहिलेलं काही दाखवता येत नाही. एक सायकल, एक गोळ्यांचा डबा, आणि घरात राहिलेला माणूस. पण माझ्या मते कुष्ठसेवेच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल हाच, कारण पहिल्यांदा कोणीतरी ‘घराला सांगायला’ गेलं.

इथे पायांबद्दल बोललं पाहिजे. लोकांना वाटतं बोटं झडतात. झडत नाहीत. पन्नासच्या दशकात वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिलं, की रोगाने नसा बधिर होतात, मग चटका, काटा, घासणारी चप्पल काहीच कळत नाही, जखम होते, चिघळते, हाड झिजतं. म्हणजे जंतू मेले तरी बधिरपणा राहतो, आणि जखम आयुष्यभर होऊ शकते. म्हणून उपाय रोजचा. पाय पाण्यात भिजवायचे, जाड झालेली कातडी घासायची, तेल लावायचं, संध्याकाळी तळवे बघायचे, दिसत नसतील तर आरशात बघायचे. मऊ एमसीआर रबराची चप्पल घालायची. याला ‘स्व-काळजी’ म्हणतात आणि सरकारी शिबिरांत शिकवतात. चांगलं आहे ते.

पण भंडारा-गोंदियाकडची रोवणी करणारी बाई डोळ्यांसमोर आणा. दिवसभर पाय चिखलात. एमसीआर चप्पल बांधीत घालून उभं राहता येत नाही. घरी येऊन चुलीवरचं भांडं उतरवायचं, हाताला गरम कळत नाही. तिला सांगायचं, गरम भांडं धरू नको, जास्त चालू नको, जखम झाली तर पाय टेकू नको, आराम कर. ती म्हणेल, बरं. आणि सकाळी कामावर जाईल, कारण रोजी बुडते. मग पुढच्या शिबिरात तिच्या कार्डावर लिहिलं जाईल, सूचना पाळत नाही. १८९८ मध्ये गरीब असणं हा गुन्हा होता. आता तो निष्काळजीपणा झाला.

पुढचा वैद्यकीय भाग झपाट्याने सांगतो. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला, १९८३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाचं नाव निर्मूलन झालं, सहा महिने ते वर्षभरात माणूस जंतुमुक्त होऊ लागला. डिसेंबर २००५ मध्ये देशाने दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे प्रमाण गाठलं. खरोखर मोठं यश. पण आकडा मोजतो तो उपचार चालू असलेल्यांना. कोर्स संपला की नाव यादीतून जातं. बधिर पायाची माणसं त्या आकड्यात नाहीतच. शिवाय वेगळी यंत्रणा सामान्य आरोग्यसेवेत मिसळली गेली, घरोघर ओळख असलेले कार्यकर्ते दुसऱ्या कामांना लागले. जिथे उपचार संपतो तिथे सांभाळणं सुरू होतं, आणि आपल्या सगळ्या हिशोबात नेमकी तिथेच वही बंद होते.

आणि कायदे? औषध वर्षभरात काम करतं, कायद्याला जरा जास्त वेळ लागतो. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात पकडलेल्या कुष्ठरुग्ण भिक्षेकऱ्याला आश्रमात हलवण्याची तरतूद आली, म्हणजे अ‍ॅक्वर्थच स्वातंत्र्यानंतर नव्या पत्त्यावर. २००८ मध्ये ओडिशातल्या एका नगरसेवकाचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, निवडून आलेला माणूस, पण कुष्ठरोगामुळे अपात्र, आणि ती अपात्रता न्यायालयाने कायम ठेवली. विवाह कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते २०१९ मध्ये निघालं. खुद्द १८९८ चा लेपर्स अ‍ॅक्ट संसदेने रद्द केला तो २०१६ मध्ये. बहुविध औषधोपचार येऊन पस्तीस वर्षं झाली होती. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कुष्ठरोगमुक्त’ माणसाला स्थान आहे, नोकरीतल्या आरक्षणातही आहे. कागदावर तरी कंगाल कुष्ठरुग्ण संपला.

आज या संस्थांमधून गेलात तर बहुतेक म्हातारी माणसं दिसतील. नवे रुग्ण आश्रमात येत नाहीत, यायचं कारणही नाही. शेवटची पिढी आहे. मोठमोठी आवारं, अर्ध्या रिकाम्या खोल्या, आणि ज्या माळरानाला कोणी विचारत नव्हतं तिथे आता जमिनीला भाव आलाय. ‘आता रोगच नाही तर संस्था कशाला?’ असं विचारणारे लोक तिथे येऊन जातात. त्यांना उत्तर द्यायला संस्थेचे पदाधिकारी असतात. खोलीतल्या माणसाला कोणी विचारत नाही, आणि ती जागा भाड्याची नाही, कोणाच्या नावावर नाही, तो तिथे साठ वर्षं राहिला याचा कुठला उतारा नाही.

त्या आजींकडे मी शेवटचा गेलो तेव्हा मी हट्टाने त्यांच्या भाच्याचा पत्ता शोधून काढला होता. मला वाटलं आपण काहीतरी मोठं केलं. पत्र लिहू का, असं विचारलं. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाल्या, लिहा, पण इथला पत्ता वरून टाकू नका. त्याच्या पोरीचं लग्न जमायचं असन.

मी पत्र लिहिलं, पाकिटावर माझा पत्ता टाकला. उत्तर आलं नाही.

वेळ झाली आहे. पुढच्या व्याख्यानात आपण ठाण्याच्या मनोरुग्णालयाकडे वळू. ते १९०१ चं. तिथेही घरी न गेलेली बरी माणसं भेटतील. आता तुमचे प्रश्न घेतो. मागे हात वर दिसतोय, ताई, आधी तुम्ही विचारा.